आलेला झटका, दिलेला झटका

मराठीत 'झटका' हा शब्द आपण दोन ठिकाणी वापरतो. कुणाला फिट आली की म्हणतो, 'त्याला झटके आले'. विजेच्या उपचारांबद्दल बोलताना म्हणतो, 'त्याला झटके दिले'. शब्द एकच आहे, पण क्रियापद बदललं की जबाबदारी बदलते. झटका येतो तेव्हा आपण नशिबाला दोष देतो. झटका दिला जातो तेव्हा देणारा कुणीतरी माणूस असतो आणि 'का दिलास?' असं त्याला विचारता येतं.

या लेखातला प्रश्न या दोन क्रियापदांच्या मधला आहे. एखाद्याची फिट कुठल्याच औषधानं थांबत नसेल, तर ती थांबवण्यासाठी त्याच्या मेंदूला वीज देऊन मुद्दाम आणखी एक फिट आणावी का? आणि तो माणूस बेशुद्ध असताना त्याच्या वतीनं 'हो, द्या' असं दुसऱ्या कुणी म्हणायचं, ते कुठल्या अधिकारानं?

ऐकायला हा तत्त्वज्ञानाच्या वर्गातला रचलेला प्रश्न वाटतो. पण तो खरोखर आयसीयूच्या बाहेर, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या माणसांना विचारला जातो. आमच्या घरात तो विचारला गेला. त्याबद्दल पुढे सांगतोच. आधी आजार समजून घेऊ, कारण तो न समजता दिलेलं कुठलंही उत्तर उथळ ठरतं.

न थांबणारी फिट

फिट, आकडी, मिरगी, फेफरं, अपस्मार. आपल्याकडे या एका गोष्टीला भरपूर नावं आहेत आणि तितकेच गैरसमजही. आजही रस्त्यात कुणाला फिट आली की कांदा किंवा चप्पल शोधायला लोक धावतात, कुणी हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतं. थोड्या वेळानं फिट थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. खरं तर बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपल्या आपणच थांबतात. मेंदूकडे स्वतःचे ब्रेक असतात. त्या माणसाला कुशीवर वळवणं, तोंडात काही न घालणं आणि घड्याळ बघणं, एवढंच आपल्या हातात असतं.

घड्याळ बघायचं, कारण पाच मिनिटं ही महत्त्वाची रेषा आहे. मोठी, अंग आकडवणारी फिट पाच मिनिटांच्या पुढे गेली की ती आपोआप थांबण्याची शक्यता झपाट्यानं कमी होते. डॉक्टर याला 'स्टेटस एपिलेप्टिकस' म्हणतात. ही आणीबाणी असते. फिट जितकी लांबते, तितकी ती औषधांना कमी दाद देते. मेंदूतल्या पेशींवर 'गाबा' नावाच्या, पेशींना शांत करणाऱ्या रसायनासाठी जागा असतात, ग्राहक म्हणू त्यांना. पहिल्या फळीची औषधं, म्हणजे लोराझेपाम, मिडॅझोलाम वगैरे, या जागांवर काम करतात. पण फिट चालू राहिली की पेशी हे ग्राहक पृष्ठभागावरून आत ओढून घेऊ लागतात. म्हणजे ब्रेक दाबायला जावं आणि ब्रेकचं पेडलच जाग्यावर नसावं, तसं होतं.

पहिल्या औषधानं भागलं नाही तर दुसऱ्या फळीची औषधं येतात: फोस्फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट, लेव्हेटिरासेटाम. या तिघांची तुलना करणारी एक मोठी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिन्ही औषधं जवळपास सारखीच ठरली, प्रत्येकानं साधारण निम्म्या रुग्णांची फिट थांबवली. उरलेल्या निम्म्यांचं काय? त्यांना मिडॅझोलाम, प्रोपोफोल, थायोपेंटल, केटामिन यांसारखी भुलीची औषधं सतत देऊन, व्हेंटिलेटरवर ठेवून, मेंदूलाच गाढ झोपवतात. चोवीस तास किंवा अधिक काळ अशी भूल देऊनही फिट चालूच राहिली, किंवा भूल कमी करताच परत आली, तर तिला 'सुपर-रिफ्रॅक्टरी' म्हणतात. आधी कधीही फिट न आलेल्या तरुण माणसालाही हे होऊ शकतं. साधा ताप येतो आणि काही दिवसांत हे सुरू होतं. अशा रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये, सगळ्या तपासण्या करूनही, कारण सापडत नाही.

या टप्प्यावर ठाम पुरावे संपतात. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन, प्लाझ्मा बदलणं, कीटोजेनिक आहार, शरीराचं तापमान उतरवणं, शस्त्रक्रिया असे बरेच उपाय यादीत आहेत, पण एकाच्याही पाठीशी भक्कम चाचणी नाही. याच यादीच्या तळाशी ईसीटी असते. इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, म्हणजे आपल्या बोलीत शॉक.

उलट्या वाटेनं आलेला उपाय

शॉक उपचाराचा इतिहास माहीत असला तर यातली गंमत, आणि गोमही, कळते.

१९३४ मध्ये बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेडूना नावाच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना कापराचं इंजेक्शन देऊन मुद्दाम फिट आणायला सुरुवात केली. त्यांची समजूत अशी होती की अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांचे वैरी आहेत, एक असेल तिथं दुसरा टिकत नाही. ही समजूत पुढं चुकीची ठरली. पण फिट आणल्यावर काही रुग्ण खरोखर सुधारले. इंजेक्शनपेक्षा सोपी आणि हमखास पद्धत हवी म्हणून रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी विजेचा वापर करायचं ठरवलं. किती वीज दिली की फिट येते पण जीव जात नाही, हे त्यांना रोमच्या कत्तलखान्यातल्या डुकरांकडे पाहून उमगलं.

पहिला रुग्ण होता एप्रिल १९३८ मध्ये रोमच्या रेल्वे स्टेशनवर भरकटलेल्या अवस्थेत सापडलेला, पोलिसांनी आणून सोपवलेला एक माणूस. चेर्लेत्ती यांनीच पुढं लिहिलेल्या आठवणींनुसार, पहिला झटका कमी पडला आणि दुसऱ्याची चर्चा चालू असताना त्या माणसानं विरोध केला. तरीही झटका दिला गेला. त्याची सुधारणा झाली, असंही त्याच आठवणी सांगतात. म्हणजे या उपचाराच्या जन्मापासूनच 'उपयोग झाला' आणि 'विचारलं नाही' ही दोन वाक्यं एकमेकांना चिकटून आहेत. एक खरं आहे म्हणून दुसरं पुसलं जात नाही.

नंतर डॉक्टरांच्या लक्षात एक विचित्र गोष्ट आली. रुग्णाला ओळीनं काही झटके दिले की पुढच्या प्रत्येक वेळी फिट आणायला जास्त वीज लागते आणि आलेली फिट लवकर आटपते. फिट आणून आणून मेंदू फिट थांबवायला शिकतो म्हणा ना! मुद्दाम आणलेली फिट मेंदूतले आपले आपण फिट विझवणारे ब्रेक जागे करत असावी, असा तर्क आहे. १९४०च्या दशकातच काही डॉक्टरांनी अपस्मारासाठी ईसीटी वापरून पाहिली होती. मग चांगली औषधं आली आणि ही वाट मागं पडली. आता औषधं हरतात तिथं ती पुन्हा आठवते. काट्यानं काटा काढायचा, असा हा प्रकार.

पण तो किती वेळा निघाला? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात तोवरच्या वैद्यकीय साहित्यात मिळून जेमतेम १९ रुग्ण सापडले. त्यांतल्या निम्म्याहून थोड्या जास्त जणांच्या फिट थांबल्या किंवा कमी झाल्या. त्यानंतर आणखी काही रुग्णांच्या हकिकती छापून आल्या. पण हकिकत छापून येते ती बहुधा यशाची. 'आम्ही केलं आणि काहीच झालं नाही' असा लेख लिहायला बसणारे डॉक्टर थोडे आणि तो छापणारी नियतकालिकं त्याहून थोडी. म्हणून 'निम्म्याहून जास्त' हा आकडा दिसतो त्यापेक्षा कच्चा आहे.

मामीचा प्रश्न

माझी मामेबहीण तेव्हा बावीस वर्षांची होती. मामाची सांगोल्याकडं डाळिंबाची बाग. ती शिकायला शहरात. चार दिवस ताप, पाचव्या दिवशी होस्टेलवर फिट, आणि मग वर सांगितली ती पायरी न पायरी ती उतरत गेली. बाराव्या दिवशी ती तीन भुलीची औषधं, चार फिटची औषधं आणि व्हेंटिलेटर यांच्यावर होती. अंग अगदी शांत. ईईजीच्या पडद्यावर मात्र फिट चालूच. भूल जरा कमी केली की पडद्यावरच्या रेघा परत उसळायच्या.

त्या दिवशी न्यूरॉलॉजिस्टनी मामा-मामीला आत बोलावलं. घरात शिकलेला म्हणून मलाही. त्यांनी ईसीटीचं सुचवलं. मामा काहीच बोलला नाही. मामीनं विचारलं, "डॉक्टरसाहेब, जिला झटके येतायत तिलाच झटके द्यायचे म्हणताय. हे कुठलं औषध?"

मला तो प्रश्न अजूनही सगळ्यात नेमका वाटतो. मामीला त्यामागचं विज्ञान माहीत नव्हतं. पण तिचं बोट बरोबर जागी होतं: जे आपोआप येतंय ते सोसणं वेगळं आणि तेच आपण होऊन देणं वेगळं.

हा फरक मनाला खरा वाटतो. पण तो नैतिकदृष्ट्या कितपत खरा आहे? आपण काही केलं नाही तर आपण निर्दोष, ही समजूत फार खोल रुजलेली असते. देवाच्या मनात असेल ते होईल, असं म्हणून हात जोडले की ओझं उतरतं. पण त्या खोलीत 'काही न करणं' नावाचा पर्याय शिल्लकच नव्हता. भुलीची औषधं रोज वाढत होती. त्यांनी रक्तदाब घसरत होता, फुप्फुसात संसर्ग शिरला होता. अशा रुग्णांतले साधारण तिघांतले एक दगावतात, असं मोठे आढावे सांगतात. झटका न देणं म्हणजे येणाऱ्या झटक्यांना आणि त्यांच्यासाठी चालू असलेल्या भुलीला आणखी एक दिवस देणं. तिथं 'येणं' आणि 'देणं' यांच्यातली भिंत आपल्याला वाटते तितकी जाड नव्हती.

तरीही मामीचं म्हणणं मला पूर्ण खोडता येत नाही. त्याचं कारण वेगळं आहे. जे आपण देतो त्याचा हिशेब आपल्याकडं मागता येतो. म्हणून देणाऱ्याला कारण सांगावं लागतं, मर्यादा घालावी लागते, परिणामाची नोंद ठेवावी लागते. येणाऱ्या झटक्याला यातलं काहीच लागू नाही. म्हणजे 'देणं' वाईट असतं असं नाही. त्याच्यासोबत कर्तव्यं येतात, इतकंच. ती पाळली नाहीत तर मात्र मामीची भीती खरी ठरते.

'आता गमवायचं काय राहिलंय?'

बाहेर आल्यावर नातेवाइकांत चर्चा झाली. आपल्याकडे अशी चर्चा नेहमी एका वाक्यावर येऊन थांबते: "आता गमवायचं काय राहिलंय? करून बघू." बुडत्याला काडीचा आधार.

मला हे वाक्य धोक्याचं वाटतं. ते ऐकायला धाडसाचं असतं, पण खरं तर ते विचार थांबवतं. त्यातलं गृहीतच चुकीचं आहे, कारण गमवायला बरंच काही शिल्लक असतं. अशा फिट आठवडेच्या आठवडे चालूनही काही रुग्ण, विशेषतः तरुण आणि ज्यांच्या मेंदूला आधी इजा नाही असे, पुन्हा उभे राहतात. काही प्रकारच्या मेंदूदाहात सुधारणेला महिनोन्‌महिने लागतात. म्हणजे 'सगळं संपलंय' असं धरून चालणं हाच चुकीचा अंदाज असू शकतो.

उपाय स्वतःही फुकट नसतो. ईसीटीनं फिट यायला हवी, पण फिटची आणि भुलीची औषधं ती येऊ देत नाहीत. म्हणून काही वेळा तीच औषधं कमी करावी लागतात, ज्यांच्या जोरावर रुग्ण कसाबसा तग धरून असतो. हा जुगार लहान नाही. हृदयाच्या लयीवर परिणाम होऊ शकतो. स्मृतीवर होतो. शिवाय रोजचं आयसीयूचं बिल आहे. मामानं बाग गहाण टाकायची बोलणी सुरू केली होती, आणि घरात तिच्यामागं शिकणारा एक धाकटा भाऊ होता. पैशाचा विचार अशा वेळी करणं नीच वाटतं, पण तो न करणं हे ज्याच्याकडं पैसा आहे त्यालाच परवडतं.

बुडत्याच्या म्हणीत आपण नेहमी बुडणाऱ्याकडं बघतो. काडी पुढं करणाऱ्याकडं कुणी बघत नाही. ती काडी आहे की दोर, हे बुडणाऱ्याला कळत नाही. ते सांगण्याची जबाबदारी काठावरच्याची.

वैद्यकीय नीतीमध्ये याबद्दल अगदीच शांतता आहे असं नाही. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेच्या १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात, त्याच्या पुढच्या आवृत्त्यांत, नेमकं या प्रसंगासाठी कलम आहे. सिद्ध झालेले उपाय नसतील किंवा हरले असतील तर डॉक्टर सिद्ध न झालेला उपाय वापरू शकतो. त्यासाठी तज्ज्ञांचा सल्ला हवा, रुग्णाची किंवा त्याच्या कायदेशीर प्रतिनिधीची माहितीपूर्ण संमती हवी, आणि पुढं त्या उपायाचा रीतसर अभ्यास व्हावा, जे कळलं ते नोंदवून शक्य तिथं खुलं करावं. या शेवटच्या अटीकडं आपलं लक्ष जात नाही. पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. एका मुलीवर केलेला प्रयत्न फसला आणि तो कुणालाच कळला नाही, तर पुढच्या मुलीच्या आई-वडिलांसमोर पुन्हा तोच अंधार आणि तेच १९ रुग्ण.

सही

कायद्याकडं वळलो तर तिथंही पायाखालची जमीन पक्की नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी करायला बंदी घातली. ते योग्यच झालं. अल्पवयीन मुलांसाठी पालकांच्या संमतीसोबत मंडळाची आगाऊ परवानगी लागते. आणि आणीबाणीच्या उपचारांसाठी दिलेल्या सवलतीतून ईसीटी वगळली आहे. ही सगळी कुंपणं जुन्या अनुभवातून आली आहेत. 'ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला भरती करा' असे विनोद आपण ज्या सहजतेनं करतो, त्यामागं बांधून शॉक दिलेल्या माणसांचा इतिहास आहे.

पण हा कायदा मानसिक आजारांचा आहे. न थांबणारी फिट हा मानसिक आजार नाही. यंत्र तेच, देणारा मानसोपचारतज्ज्ञ तोच, पण रुग्ण न्यूरॉलॉजीचा, आणि वेळ आणीबाणीची. दुखावलेल्यांच्या संरक्षणासाठी घातलेलं कुंपण इथं कुणाला वाचवतं आणि कुणाला अडवतं, याचं सरळ उत्तर कायद्याच्या पानावर मिळत नाही. मग सगळा भार एका कागदावर येतो. त्यावर नातेवाइकांनी सही करायची.

मामानं सही करायच्या आधी पेन तसंच हातात धरून मला विचारलं, "तू सांग. तुझी बहीण आहे."

मी लगेच उत्तर दिलं नाही. आम्ही दोघं परत आत गेलो आणि डॉक्टरांना चार प्रश्न विचारले. आत्तापर्यंत किती जणांवर हे झालंय? किती वेळा देणार? कशावरून ठरवणार की उपयोग होतोय? आणि होत नसेल तर कुठं थांबणार? न्यूरॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ दोघंही खुर्ची ओढून बसले. आकडे लहान आहेत हे त्यांनी लपवलं नाही. आठ वेळा देऊ, रोज ईईजी बघू, चार वेळांनंतर काहीच फरक नसेल तर पुन्हा बोलू, असं ठरलं आणि ते केसपेपरवर लिहिलं गेलं. मामीला भीती होती सिनेमातल्या दृश्याची, पट्ट्यांनी बांधलेल्या, किंचाळणाऱ्या माणसाची. तिला सांगितलं गेलं की पोरगी आधीच भुलीत आहे, स्नायू सैल करणारं औषध दिलेलं असेल, वीज काही सेकंदच असते आणि बाहेरून फारसं काही दिसणारही नाही.

मग मामानं सही केली. पण तोवर ती त्याच्या एकट्याची सही राहिली नव्हती. मला वाटतं, संमती या शब्दाचा अर्थ इथं कुठंतरी आहे. कागदावर अंगठा किंवा सही घेऊन जबाबदारी डॉक्टरांकडून घरच्यांकडं सरकवली जाते, तेव्हा ती संमती नसते, ती पावती असते. जबाबदारी वाटून घेतली जाते तेव्हा संमती होते. डॉक्टर म्हणाले असते, 'तुम्ही ठरवा,' तर ते आम्हाला स्वातंत्र्य देणं नव्हतं, एकटं सोडणं होतं. आणि 'आम्हाला कळतं, तुम्ही सही करा' म्हणाले असते, तर तो १९३८ चाच पाढा.

निकाल आणि निर्णय

पाचव्या झटक्यानंतर ईईजी निवळला. आठवड्याभरात भूल उतरवता आली. आज ती घरी आहे. तीन औषधं चालू आहेत, कधीमधी लहान फिट येते, आणि त्या वर्षातले कित्येक महिने तिला आठवत नाहीत.

हे वाचून 'म्हणजे निर्णय बरोबर होता' असं तुम्हाला वाटलं असेल. मला तसं म्हणता येत नाही, आणि त्याला दोन कारणं आहेत. एक साधं आहे. झटक्यांच्या आठवडाभर आधी स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिन सुरू झालं होतं. त्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. फिट झटक्यांनी थांबली, त्या औषधांनी, की आजार आपला आपण ओसरला, हे कुणीच सांगू शकत नाही. स्मृतीचं जे गेलं तेही आजारानं, फिटनं, भुलीनं की विजेनं, याची फोड करता येत नाही. कांद्याला श्रेय देणाऱ्यांना हसायचं असेल तर इथंही जीभ आवरायला हवी.

दुसरं कारण जास्त खोलातलं आहे. बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये एका गोष्टीवर बोट ठेवलं: आपण माणसांना त्यांच्या निर्णयासाठी जोखतो असं म्हणतो, पण प्रत्यक्षात निकालासाठी जोखतो, आणि निकाल बऱ्याचदा नशिबाच्या हातात असतो. त्यांनी याला नैतिक नशीब म्हटलं. तोच कागद, तीच सही, तेच डॉक्टर, आणि सहाव्या दिवशी तिचं हृदय बंद पडलं असतं तर? गावात लोक म्हणाले असते, पोरीला शॉक देऊन मारली. आज तेच म्हणतात, मामानं हिंमत केली म्हणून वाचली. मामा मात्र दोन्ही ठिकाणी तोच माणूस आहे.

म्हणून निर्णयाची परीक्षा तो घेतला त्या क्षणीच व्हायला हवी. खरं सांगितलं गेलं का? थांबायची जागा आधी ठरवली का? जे होईल ते नोंदवलं जाणार होतं का? या तिन्हींचं उत्तर 'हो' असेल तर निकाल काहीही लागो, ती माणसं आपलं कर्तव्य करून चुकली. आणि उत्तर 'नाही' असेल, तर रुग्ण वाचला तरी तो निर्णय चांगला म्हणता येणार नाही. नशीब चांगलं होतं, एवढंच.

उसना अधिकार

या तिन्हींच्या पलीकडं आणखी एक कर्तव्य आहे. ते मला बहिणीमुळं कळलं.

घरी आल्यावर मामीनं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं की 'शॉक' हा शब्द काढायचा नाही. गावात सांगायचं, मशीननं इलाज केला. तिचं चुकत होतं असं मी म्हणणार नाही. पोरीच्या लग्नाचा विचार तिच्या मनात होता, आणि ती भीती हवेतली नाही. हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिट हा विवाहाला अडसर मानला जात होता. ते शब्द कायद्यातून निघाले १९९९ मध्ये. कायद्यातून निघाले म्हणून बैठकीतून निघत नाहीत. त्यात फिटवर शॉकची भर.

पण बहिणीला डिस्चार्जच्या कागदांत 'ईसीटी' दिसलं. तिनं मोबाइलवर शोधलं. मग मला फोन केला. रागावली नव्हती. म्हणाली, "दादा, तेव्हा मला विचारता येत नव्हतं हे कळतं मला. पण आता तर येतंय ना? मग आता का नाही सांगत?"

माझ्याकडं याला उत्तर नव्हतं, कारण उत्तर नसतंच. बेशुद्ध माणसाच्या वतीनं आपण जो निर्णय घेतो, तो अधिकार आपला नसतो. आपण तो त्याच्याकडून उसना घेतलेला असतो. आपल्याकडं शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तरी ती परत द्यायची असते. इथं तर एका माणसाचा स्वतःच्या मेंदूवरचा हक्क उसना घेतलेला. तो शुद्धीवर आला की हक्क परत करायचा, आणि सोबत हिशेबही द्यायचा: काय केलं, का केलं, कुणी हो म्हटलं, कुणाला शंका होती, आम्हाला काय माहीत नव्हतं. 'तुझ्या भल्यासाठीच' म्हणून लपवलं, तर उसनं घेतलेलं आपण दाबून ठेवलं, असाच त्याचा अर्थ.

मी आणि मामानं तिला सगळी फाइल दाखवली. मामी आधी स्वयंपाकघरातच थांबली, मग येऊन बसली. बहिणीनं एकेक पान वाचलं. आठ झटक्यांच्या आठ नोंदी, प्रत्येक वेळी किती वीज, फिट किती सेकंद. चार वेळांनंतर थांबून बोलायचं ठरलं होतं, ती ओळही तिनं वाचली. मग तिनं एकच गोष्ट विचारली, "हे डॉक्टर कुठं लिहिणार आहेत का? नाव न घालता लिहिलं तर माझी हरकत नाही. पुढच्या कुणाला तरी कामाला येईल."

जी संमती आम्ही तिच्या वतीनं दिली होती, त्यानंतरची पहिली संमती तिनं स्वतः दिली.